बोर्डन गेल्यावर बडोद्यात काय उरलं? ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचं एक जुनं प्रकरण

जिल्हा ग्रंथालय संघाचं अधिवेशन, ग्रंथोत्सवातला परिसंवाद, संगणकीकरणाची एकदिवसीय कार्यशाळा, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त व्याख्यान. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला वर्षभरात एवढं तरी येतंच. दीपप्रज्वलन होतं, प्रास्ताविक लांबतं, तांत्रिक सत्र जेवणानंतर पेंगुळलेल्या सभागृहात उरकलं जातं आणि प्रमाणपत्र घेऊन मंडळी शेवटच्या एसटीच्या हिशेबाने निघतात. त्या दिवशी जे ऐकलं त्यातलं काय पुढच्या सोमवारी देवघेवीच्या टेबलावर उतरतं, हे कुणी मोजत नाही. तपासणीत ते विचारलं जात नाही, त्यामुळे दप्तरातही ते कुठे नसतं.

हे तपासून पाहायला एक प्रकरण फार उपयोगी पडतं. ते शंभराहून अधिक वर्षं जुनं आहे आणि घडलं बडोदा संस्थानात, म्हणजे गुजराती मुलखात. मात्र ते घडवून आणणारा राजा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा होता आणि पुढे ते खांद्यावर घेणारा एक माणूस कुडाळकर आडनावाचा होता. भारतातला ग्रंथपालनाचा पहिला प्रशिक्षण वर्ग बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने तिथे १९११ मध्ये सुरू केला. ‘पहिला’ या शब्दापलीकडे मात्र आपण सहसा जात नाही. परीक्षेत एक गुणाचा प्रश्न येतो, उत्तर लिहिलं की संपलं.

आधीची स्थिती

सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली भागात केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. शाळेतून मुलं शिकून बाहेर पडू लागली. पण चौथी-पाचवी होऊन शेतावर गेलेल्या मुलाच्या हाती पुढे छापील कागदच आला नाही, तर शिकलेलं विसरायला वेळ लागत नाही. हा प्रश्न साक्षरता मोहिमेनंतर आपल्याकडेही वारंवार आला आहे. त्यावर महाराजांना सापडलेलं उत्तर होतं सार्वजनिक ग्रंथालय. १९०६ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती.

संस्थानाची लोकसंख्या तेव्हा सुमारे २० लाख. मुलूख एकसंध नव्हता. बडोदा, कडी, नवसारी, अमरेली हे प्रांत एकमेकांपासून तुटलेले आणि मधे ब्रिटिश हद्द किंवा दुसरी संस्थानं. दर दहा माणसांत वाचता येणारा जेमतेम एक. राजधानीत एक भव्य ग्रंथालय बांधून भागलं नसतं, आणि गावोगावी ग्रंथालयं काढायची तर ती चालवणार कोण, हा प्रश्न होता. ग्रंथपालन हा शिकण्याचा विषय आहे, हेच तेव्हा हिंदुस्थानात कुणाला माहीत नव्हतं. पुस्तकांना कुलूप लावणारा आणि किल्ली जपणारा तो ग्रंथपाल, अशी समजूत होती. ती आता पुरती गेली आहे असं म्हणायला मी तयार नाही.

बोर्डन

१९१० मध्ये महाराजांनी विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन यांना बोलावलं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन इथे ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’च्या ग्रंथालयाचे ते ग्रंथपाल होते. बोस्टनमध्ये ग्रंथ वर्गीकरणाची पद्धत बसवणारे चार्ल्स कटर यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं होतं, आणि दशांश वर्गीकरण पद्धतीचे जनक मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये कोलंबिया महाविद्यालयात जी जगातली पहिली ग्रंथपालन शाळा काढली तिथे शिकवलंही होतं. निवड म्हणून ती उत्तम होती. नुसतं मोठं ग्रंथालय सांभाळलेला माणूस हवा असता तर युरोपातून एखादा विद्वान आणता आला असता. महाराजांनी शिकवण्याची सवय असलेला माणूस आणला.

बोर्डन यांनी राज्यभराचा आराखडा केला. मध्यभागी बडोद्याचं सेंट्रल लायब्ररी, त्याच्या आधाराने शहरांतली आणि गावांतली ग्रंथालयं, आणि ज्या गावात काहीच नाही तिथे पेटीतून फिरतं ग्रंथालय. महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा सुमारे २०,००० ग्रंथांचा संग्रह सेंट्रल लायब्ररीला दिला. वाचकांकडून वर्गणी घ्यायची नाही असं ठरलं. ड्यूई आणि कटर यांच्या पद्धतींची सांगड घालून बोर्डन यांनी बडोद्यासाठी वेगळी वर्गीकरण पद्धत बसवली. हे सगळं पाठ्यपुस्तकांत येतं, म्हणून त्यावर थांबत नाही.

वर्ग कधी काढला

१९११ मध्ये प्रशिक्षण वर्ग सुरू झाला, म्हणजे बोर्डन येऊन वर्ष-दीड वर्षाच्या आत. सेंट्रल लायब्ररीची घडी अजून बसत होती. गावागावांतली बहुतेक ग्रंथालयं कागदावरच होती. ग्रंथालयं उभी राहिली, वर्षं गेली, कामात गोंधळ दिसला, मग लोकांना शिकवू या, असा क्रम तिथे नव्हता.

आपला क्रम याच्याशी ताडून पाहावा. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. इमारती, देणगीदार, व्याख्यानमाला, सगळं आपल्याकडे बडोद्याच्या कितीतरी आधी होतं. ग्रंथालयात काम करणाऱ्या माणसाला रीतसर शिकवण्याची सोय मुंबई इलाख्यात उभी राहायला मात्र १९४० चं दशक उजाडलं. शंभर वर्षं ग्रंथालयं होती आणि ग्रंथपाल नव्हते, असं म्हटलं तर जुन्या वाचनालयांचे अभिमानी रागावतील, पण फारसं चुकीचं ठरणार नाही. तिथे चिटणीस होते. चिटणीस वकील किंवा मुख्याध्यापक असत, थोर असत, आणि त्यांच्या हाताखाली एक कारकून आणि एक शिपाई असे. त्या कारकुनाला कुठे पाठवावं, काही शिकवावं, हे कार्यकारी मंडळाच्या विषयपत्रिकेवर यायचंच नाही.

बडोद्यात वर्ग संपवून निघणाऱ्यासमोर काम उभं होतं. खातं सरकारी, ग्रंथालयं उघडत होती, माणसं हवी होती. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. शिकलेलं कौशल्य महिनाभर वापरलं नाही तर हातातून जातं. पुस्तकाची दाखल नोंद, विषयानुसार वर्गांक, सूचीसाठी तालिकापत्र हे पोहण्यासारखं आहे, पाण्यात उतरल्याशिवाय काठावरच्या सूचनांना अर्थ नाही. आज संगणकीकरणाच्या कार्यशाळेत ‘ई-ग्रंथालय’ किंवा ‘कोहा’ ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली शिकून परतलेल्या माणसाच्या ग्रंथालयात संगणक एकच असतो, तो अध्यक्षांच्या खोलीत असतो, आणि त्याचा पासवर्ड अध्यक्षांच्या मुलाला माहीत असतो. अशा ठिकाणी कार्यशाळा वाईट होती असं म्हणणं अन्यायाचं आहे.

मोतीभाई, म्हणजे खरा दुवा

बोर्डन इंग्रजीतून शिकवत. सेंट्रल लायब्ररीत येणाऱ्या पदवीधरांना ते पुरे होतं. पण गावच्या ग्रंथालयाची किल्ली बहुधा शाळामास्तराकडे असायची, आणि त्याला कटर कोण हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. इथे हे सगळं फसू शकलं असतं. वर एक अमेरिकन तज्ज्ञ, त्याच्याभोवती इंग्रजी जाणणारा छोटा गट, आणि खाली गावं कोरडीच. असे प्रकल्प आपण पुष्कळ पाहिले आहेत.

ते झालं नाही, याचं श्रेय मोतीभाई अमीन यांना जातं. जन्म १८७३, चरोतर भागातले, पेशाने शिक्षक. बोर्डन यायच्या आधीपासूनच ते शिक्षकमित्रांना आणि गावकऱ्यांना जोडून ‘मित्रमंडळ’ नावाने छोटी वाचनालयं चालवत होते. सरकारी खातं निघालं तेव्हा त्यांना त्यात घेतलं आणि गावच्या ग्रंथालयांचं काम त्यांच्याकडे सोपवलं. नव्या योजनेने जुन्या लोकप्रयत्नाला बाजूला सारलं नाही, त्याच्यावरच कलम केलं. खात्याने हे मुद्दाम केलं की माणूस हाताशी होता म्हणून झालं, ते सांगता येत नाही. परिणाम मात्र दिसतो.

गावाला ग्रंथालय हवं असेल तर खर्चाचा एक तृतीयांश लोकांनी जमवायचा, एक तृतीयांश प्रांत पंचायतीने द्यायचा, उरलेला सरकारने, अशी पद्धत होती. ही वाटणी कागदावर सुंदर दिसते. पण गावकऱ्यांचा पहिला तृतीयांश जमवायला कुणीतरी पारावर जाऊन बसावं लागतं, गुजरातीत बोलावं लागतं, लग्नाच्या मांडवात विषय काढावा लागतो. मोतीभाईंच्या ओळखी शिक्षकांमध्ये होत्या आणि शिक्षक गावागावात होते. आज ज्याला आपण ‘नेटवर्किंग’ म्हणतो ते त्यांनी परिषद न भरवता केलं. माणूस आधी ओळखीचा होता, योजना नंतर पोहोचली.

पुढे, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, त्यांनी ग्रंथालयांना पुस्तकं आणि सामान पुरवणारं सहकारी मंडळही उभं केलं. मला यात मोतीभाईंचा खास स्वभाव दिसतो. ग्रंथालयवाल्यांनी एकत्र यायचं ते नुसतं विचारांच्या देवाणघेवाणीसाठी कशाला? एकत्र खरेदी केली तर पुस्तकं स्वस्त पडतात, नोंदवह्या एकसारख्या मिळतात, विक्रेत्याची दादागिरी चालत नाही. जिल्हा संघांच्या अधिवेशनात आज पुस्तक विक्रेत्यांची दालनं असतात, पण दहा गावच्या ‘ड’ वर्ग, म्हणजे शासनमान्यतेतल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या, ग्रंथालयांनी मिळून यादी केली आणि एकत्र सवलत मागितली असं दृश्य विरळा.

क्लब आणि त्रैमासिक

शिकून बाहेर पडलेली माणसं विखुरली की काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले सहा महिने उत्साह असतो. मग कपाटाला वाळवी लागते, अनुदान लांबतं, एखादा सभासद पाच पुस्तकं घेऊन गाव सोडतो, आणि विचारायला जवळ कुणी नसतं.

बडोद्यात ग्रंथालयाच्या लोकांनी ‘लायब्ररी क्लब’ काढला आणि १९१२ मध्ये ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक सुरू झालं. भारतातलं ग्रंथालय विषयाचं पहिलं नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. विशेष हे की ते तीन भाषांत निघे, इंग्रजी, गुजराती आणि मराठी. एका अंकात तिन्ही. दरबारात आणि नोकरवर्गात मराठी माणसं मोठ्या संख्येने होती, रयत बहुतांश गुजराती होती, आणि विषयाचं ज्ञान इंग्रजीत होतं. तिन्हींना एका बांधणीत बसवणं संपादकाच्या दृष्टीने डोकेदुखीच असणार. पण त्यामुळे सेंट्रल लायब्ररीतला पदवीधर आणि खेड्यातला मास्तर एकाच अंकाचे वाचक झाले.

मराठीत ग्रंथालयशास्त्रावर लिहिण्याची सवय कुठून सुरू होते याचा शोध घेणाऱ्याने हे अंक पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. आपण तो इतिहास बहुधा पुण्या-मुंबईपासून सांगायला लागतो, आणि बडोद्यातला मराठी भाग दोन राज्यांच्या मधे पडून राहतो. गुजरातच्या अभ्यासकाला मराठी भागाचं काही नसतं, आपल्याला बडोद्याचं.

नियतकालिकाने एक साधं काम केलं. काम करणाऱ्याला लिहायला जागा दिली. ग्रंथालयात काम करणारी माणसं फार कमी लिहितात. दिवसभर दुसऱ्यांचं लिहिलेलं हाताळून थकवा येत असावा. पण आपण केलेली छोटी युक्ती, म्हणजे मासिकांचे जुने अंक कसे बांधले, मुलांना वर्तमानपत्राकडे कसं आणलं, ही छापून आली की ती दुसऱ्या गावात पोहोचते. अधिवेशनाच्या स्मरणिकेत आज काय असतं? मंत्र्यांचे शुभसंदेश, जाहिराती, आणि मागच्या पानांवर एखाद-दोन लेख. शुभसंदेशांची पानं कमी करून प्रत्येक तालुक्यातल्या एका ग्रंथपालाकडून एक पान लिहून घेतलं तर खर्च वाढत नाही.

तीन वर्षांनी

बोर्डन १९१३ मध्ये परत गेले. बाहेरून आणलेला तज्ज्ञ गेल्यावर मागे उरलेली व्यवस्था किती टिकते, ती या प्रकरणाची परीक्षा. इथे व्यवस्था टिकली. फिरत्या पेट्या जात राहिल्या, गावची ग्रंथालयं वाढून शेकड्यांत गेली, जादूच्या कंदिलाचे आणि सिनेमाचे खेळ निरक्षरांसाठी गावात होऊ लागले, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग चालू राहिले.

बोर्डन यांच्यानंतर राज्य ग्रंथालयांचे क्युरेटर म्हणून काम पाहिलं ते जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी. १९१९ मध्ये त्यांनी ‘द बरोडा लायब्ररी मूव्हमेंट’ हे इंग्रजी पुस्तक लिहिलं आणि या सगळ्या उपक्रमाची हकीगत एका जागी आली. त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त आले, त्यांनीही १९२८ मध्ये बडोद्याच्या ग्रंथालयांवर पुस्तक लिहिलं. म्हणजे एकापाठोपाठ दोन प्रमुखांनी कामाची नोंद ठेवली. नाहीतर आज मी हे प्रकरण लिहूच शकलो नसतो. जिल्ह्यात पंचवीस वर्षं संघाचं काम केलेले कितीतरी कार्यकर्ते आपल्यात आहेत, त्यांच्या पिशवीत ठरावांच्या प्रती आहेत, जुन्या सभांची वृत्तं आहेत, पण एकत्र लिहिलेलं काही नाही.

कुठे तुटलं

यशाच्या गोष्टीत न बसणारा भागही आहे. ‘लायब्ररी मिसेलनी’ १९२० च्या आसपास बंद पडलं. पुढे ‘पुस्तकालय’ हे मासिक निघालं, ते गुजरातीत. ज्या राज्यातली रयत गुजराती, तिथे हे होणारच होतं, त्यात कुणाचा दोष नाही. पण तीन भाषांतला तो पूल पुन्हा बांधला गेला नाही आणि मराठी ग्रंथालय कर्मचाऱ्याच्या हातातला एक धागा सुटला.

दुसरं असं की बडोद्याचं प्रशिक्षण संस्थानाच्या गरजेला बांधलेलं होतं. संस्थानाला माणसं हवी असत तेव्हा वर्ग घ्यायचा, हे व्यवहाराचं होतं. पण ते विद्यापीठाशी जोडलेलं नव्हतं, त्यामुळे बाहेरच्या जगात त्याला पदवीची किंमत नव्हती. १९१५ मध्ये लाहोरला ड्यूईंचेच शिष्य असा डॉन डिकिन्सन यांनी पंजाब विद्यापीठात वर्ग काढला. १९२९ मध्ये मद्रास ग्रंथालय संघाने रंगनाथन यांच्या पुढाकाराने उन्हाळी वर्ग घेतला आणि तो लवकरच मद्रास विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. नंतरच्या भारतीय ग्रंथालयशास्त्रावर छाप पडली ती मद्रासची. बडोदा ‘पहिलं’ म्हणून उरलं. खुद्द बोर्डन यांची वर्गीकरण पद्धतही बडोद्याबाहेर रुजली नाही.

देशभरातल्या ग्रंथालयाच्या लोकांना एकत्र आणण्याची सुरुवातही दुसरीकडे झाली. जानेवारी १९१८ मध्ये लाहोरला सरकारने ग्रंथपालांची परिषद बोलावली. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन होतं, तेव्हा तिथे सार्वजनिक ग्रंथालयांची परिषद देशबंधू चित्तरंजन दास यांच्या अध्यक्षतेखाली झाली. अध्यक्षपदी पुढारी बसवायचा ही आपल्या अधिवेशनांची चाल किती जुनी आहे ते यावरून कळावं, फक्त तेव्हाचा पुढारी देशबंधू होता. भारतीय ग्रंथालय संघ १९३३ मध्ये कलकत्त्यात स्थापन झाला.

आजच्या तालुक्यात

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, ग्रंथालय संचालनालय आहे, ‘अ’ पासून ‘ड’ पर्यंत वर्ग आहेत, ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग आहे. बडोद्याकडे यातलं कायद्याचं पाठबळ नव्हतं, राजाची मर्जी होती. साधनं आपल्याकडे जास्त आहेत. पगार मात्र नाही. अनुदानाचा निम्मा हिस्सा वेतनासाठी धरला तरी लहान गावच्या ‘ड’ वर्गात पूर्णवेळ पगार म्हणावा अशी रक्कम उरत नाही. तिथला ग्रंथपाल संध्याकाळचे तीन तास ग्रंथालय उघडतो आणि दिवसा दुसरं काम करतो. त्याला कार्यशाळेला बोलावणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायला सांगणं. बडोद्याच्या खात्याने शिकणाऱ्यापुढे नोकरी ठेवली होती, आपण प्रमाणपत्र ठेवतो आणि ते वर्गोन्नतीच्या प्रस्तावाला जोडतो.

पगाराचा प्रश्न कार्यशाळेने सुटणारा नाही, त्यासाठी वेगळा लढा चालू आहे आणि तो चालायलाच हवा. पण पगार वाढेपर्यंत संघाच्या हातात काही गोष्टी आहेत. उपस्थितीचा प्रवासखर्च त्याच दिवशी रोख द्यावा. तांत्रिक सत्र सकाळी दहाला घ्यावं आणि उद्घाटन जेवणानंतर, पाहुण्यांना थांबायचं असेल तर थांबतील. तालुक्यातल्या एका बऱ्या चाललेल्या ‘अ’ किंवा ‘ब’ वर्ग ग्रंथालयात ‘ड’ वर्गातल्या माणसाने चार संध्याकाळी प्रत्यक्ष देवघेवीला बसावं, व्याख्यान नको. आणि कार्यशाळा झाल्यावर दोन महिन्यांनी एका माणसाने, मोतीभाईंसारख्या, त्या प्रत्येक ग्रंथालयात जाऊन दाखल नोंदवही उघडून पाहावी. तपासणीसाठी नाही, तो अधिकार ग्रंथालय अधिकाऱ्याचा आहे. कुठे अडलं ते विचारायला.

असा माणूस बहुतेक तालुक्यांत असतो. निवृत्त ग्रंथपाल असतो, स्वतःच्या दुचाकीवर फिरायला तयार असतो, त्याला व्यासपीठावर शाल-श्रीफळ देऊन आपण मोकळे होतो. त्याच्या पेट्रोलची तरतूद संघाच्या अंदाजपत्रकात कुठल्या शिर्षाखाली टाकायची, एवढा एकच प्रश्न पुढच्या वार्षिक सभेत घेतला तरी पुष्कळ.